टाकीएवढी घसरगुंडी

“टाकीएवढी,” मुस्कान म्हणाली.

“कुठल्या टाकीएवढी?”

तिनं हात लांब करून दाखवलं. वस्ती संपून उसाचे फड सुरू होतात तिथं नगरपरिषदेची पाण्याची टाकी उभी होती. मान मागे टाकल्याशिवाय तिचा माथा दिसत नसे.

“एवढी उंच घसरगुंडी कुठंच नसते गं,” मी हसत म्हटलं.

“मग असती तेवढी द्या. पण उंच.”

अंगणवाडीच्या व्हरांड्यात जमलेल्या पोरांनी गिल्ला केला. “उंच, उंच!” एक जण तर टाचा वर करून दोन्ही हात छताकडे नेऊन दाखवायला लागला. मी शेजारी उभ्या असलेल्या कोळेकरबाईंकडे बघितलं. वाटलं, त्याही हसत असतील. त्या हसत नव्हत्या. खाली वाकून त्यांनी मुस्कानला विचारलं, “उंच कशाला पाहिजे गं?”

“वरनं सगळं दिसतंय म्हणून.”

“आणि?”

“आणि खाली येताना पोटात गुदगुल्या होत्यात.”

बाई सरळ झाल्या. पदर खांद्यावर नीट घेतला आणि मला म्हणाल्या, “लिहून घ्या मॅडम. तिनं सांगितलं तसंच लिहा.”

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण त्यातली माणसं अजून तिथंच राहतात. तालुक्याचं गाव, आणि गावाच्या कडेला कुंभारमळा नावाची वस्ती. साखर कारखान्यात, मागावर, बाजार समितीत काम करणाऱ्यांची घरं. वस्तीच्या मधोमध नगरपरिषदेचं मुलांचं खेळाचं मैदान होतं. मी गेले तेव्हा त्याला कुलूप होतं.

मी तेव्हा पुण्यात देवस्थळीसरांच्या ऑफिसात नुकतीच लागले होते. बागा, मैदानं, शाळांची आवारं यांचे आराखडे करणं हे आमचं काम. या मैदानाचं काम आलं तेव्हा सरांनी मला बोलावून सांगितलं, “शर्वरी, तू जा. पण टेप घेऊन मापं काढून परत येऊ नकोस. लोकांना काय पाहिजे ते विचार. मुलांना आधी विचार.” मला तो फार मोठा विश्वास वाटला. जुनी खेळणी धोक्याची झाली होती, काहीतरी अपघात झाला होता, म्हणून मैदान बंद ठेवलंय, एवढं मला ऑफिसात कळलं होतं. त्याहून जास्त मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

वस्तीत कुणाला धरायचं, असं मी तिथले नगरसेवक आप्पासाहेब शिंगाडे यांना विचारलं, तर ते म्हणाले, “पोरांचं म्हणाल तर कोळेकरबाई. हितली निम्मी पोरं त्यांच्याच अंगणवाडीतनं गेलीत. त्या बोलावतील तर येतील सगळी.” मग जरा थांबून म्हणाले, “पण त्या येतात का बघा.”

मला वाटलं, बाई कामात असतात म्हणून असं म्हणाले असतील.

विजयमाला कोळेकर पस्तिशीच्या असतील. सडपातळ, उन्हानं रापलेला चेहरा. त्यांचा आवाज कधी चढत नसे, पण पोरं मात्र पहिल्या हाकेला ऐकत. मी काम सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे पोरं जे मागतील ते करणार?”

“सगळं नाही होणार. पण जे मागतील त्यातूनच आराखडा करायचा, असं आमच्या सरांचं म्हणणं आहे.”

“मग खोटं विचारायचं न्हाई. आधीच ठरवून विचारायचं न्हाई.”

“नाही हो.”

“बघा बरं,” त्या म्हणाल्या आणि परत तांदळाकडे वळल्या. “उद्या दुपारी या. पोरं गोळा करते.”

मी आधी मैदान बघायचं ठरवलं. त्या मला फाटकापर्यंत घेऊन आल्या, कुलूप काढून दिलं. मी आत शिरले आणि मागे वळून बघितलं, तर त्या बाहेरच उभ्या.

“येताय ना?”

“तुम्ही बघून या. मी हितं थांबते.”

आत गुडघाभर गवत होतं. दोन झोपाळ्यांचे खांब होते, साखळ्या नव्हत्या. मधल्या भागात सिमेंटचा कोबा होता आणि त्यातून लोखंडी अँगलची कापलेली टोकं वर आली होती. तिथं पूर्वी काहीतरी मोठं उभं होतं, गॅस कटरनं कापून नेलेलं. मी मापं घेतली, फोटो काढले. जागा सुंदर होती. एका बाजूला करंजाची मोठी झाडं, आणि दुपारभर सावली.

बाहेर आले तेव्हा बाई त्याच जागी उभ्या होत्या. नजर मात्र मैदानाकडे नव्हती. रस्त्यापलीकडे कालव्याचा फाटा वाहत होता आणि त्याच्या अरुंद कठड्यावरून तीन पोरं, एकामागे एक, हात पसरून चालत होती.

“ए प्रज्वल! उतर खाली,” बाईंनी हाक मारली. पोरं उतरली. आम्ही दहा पावलं गेलो असू, मी मागे बघितलं तर परत चढलेली.

“रोजचंच हाय हे,” बाई म्हणाल्या.

मोठ्या माणसांच्या इच्छा गोळा करायला वेळ लागला नाही. त्या आपण होऊन माझ्याकडे चालत आल्या. लोहार गुरुजी म्हणून निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना कडेनं चालायला फरसबंदी वाट हवी होती आणि झाडांखाली पाठ टेकायची बाकं. गणेश मंडळाच्या पोरांना पक्कं स्टेज हवं होतं. बायकांना हळदी-कुंकवाला, बारशाला वापरता येईल असा मांडव. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मैदान चांगलंच करा, पण मुलांचा आवाज कमी होईल असं काही करता आलं तर बघा. मी ते प्रामाणिकपणे टिपून घेतलं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात येत होती. मुलांच्या खेळण्यांचा विषय काढला की मोठी माणसं आखडती बोलत. “लहान लहान काहीतरी ठेवा.” “जमिनीलगतचं ठेवा.” “हिरवळ केली तरी पुरे की.” आणि कोळेकरबाई जवळ असल्या की तेवढंही कुणी बोलत नसे. विषय फरसबंदीवर जाई. मला वाटलं, बाईंचा दरारा आहे.

पोरांचं मात्र वेगळंच चाललं होतं. कागदावर चित्रं काढायला सांगितली तर सगळ्यांनी घर, डोंगर आणि सूर्य काढला. मग बाईच म्हणाल्या, “असं न्हाई जमायचं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंभाराकडून मळलेल्या मातीचा मोठा गोळा आणला, व्हरांड्यात जुन्या दारावर पसरला आणि पोरांना सांगितलं, “हे आपलं मैदान. काय पाहिजे ते करा.”

दुपारभर धुमाकूळ चालला. कुणी तळं केलं, कुणी बोगदा. एका मुलीनं मोठ्या मुलींनाही बसता येईल असा झोका केला, कारण तिच्या बहिणीला सगळे ‘आता तू मोठी झालीस’ म्हणून उठवतात. एका मुलानं चिखल ठेवायचा, चिखलाला कुणी ओरडायचं नाही, असं जाहीर केलं. आणि सगळ्यांच्या मधोमध प्रज्वलनं मातीचा ढीग करून त्यात एक फळकूट तिरकं खोचलं. घसरगुंडी. बाकीच्यांनी तिच्यापायी आपापलं तळं, बोगदा थोडं बाजूला सरकवलं. भांडण न होता झालेली ती दिवसातली एकच गोष्ट असेल.

बाई प्रत्येकाजवळ बसून विचारत होत्या. हे काय, कशाला, कुणासाठी. घसरगुंडीपाशी आल्या तेव्हाही तसंच बसून त्यांनी विचारलं, “किती उंच ठेवायची रे?”

प्रज्वलनं त्यांच्याकडे बघितलं, मग मातीकडे. नऊ वर्षांचा पोरगा तो, पण तेव्हा तो मोठ्या माणसासारखा अडखळला. “न्हाई... बाई... राहू दे नसली तरी.”

“मी तुला विचारतेय. किती उंच?”

“वरनं बाजारपेठ दिसावी एवढी,” तो हळूच म्हणाला.

“मग नीट खोच ती. पडायला लागलीय,” बाई म्हणाल्या. फळकूट कलत होतं, खरं तर त्यांचा हात तिथून वीतभरच होता. पण त्यांनी ते सावरलं नाही. प्रज्वलनं सावरलं.

दाराशी एक मुलगी उभी होती, सहा-सात वर्षांची. दुपारभर ती आत आली नव्हती. मी तिला बोलावलं. ती बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

“माझी मुलगी, तनिष्का,” बाई म्हणाल्या. “जा तनू, तुला काय पाहिजे ते कर.”

तनूनं मान हलवली. मी पुष्कळ विनवल्यावर तिनं थोडी माती घेतली, मैदानाच्या अगदी कडेला एक बाक केला आणि त्यावर एक छोटी बाहुली बसवली.

“ही काय करतेय गं?” मी विचारलं.

“बघत बसलीय,” तनू म्हणाली.

बाईंनी तोंड फिरवलं आणि पोरांना हात धुवायला पिटाळलं.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती. मी पुण्याहून कच्चा आराखडा करून आणला होता आणि तो मातीचा नमुनाही दारासकट दोघांकडून उचलून आणवला होता. वस्तीतली बरीच माणसं जमली. आप्पासाहेब मध्ये बसले, गुरुजी त्यांच्या शेजारी. कोळेकरबाई मागे, बायकांच्यात, तनूला मांडीशी घेऊन.

मी फरसबंदी वाट दाखवली, सगळे खूश. बाकं दाखवली, मांडवाची जागा दाखवली, एका बाजूला मोठ्या मुलींसाठीचे झोके दाखवले. मग म्हटलं, “आणि इथं मधे, मुलांची सगळ्यात मोठी मागणी होती ती. उंच घसरगुंडी.”

आप्पासाहेबांनी वळून मागे बायकांच्या बाजूला बघितलं.

“ते राहू दे मॅडम,” आप्पासाहेब म्हणाले. “तिथं कारंजं करा. न्हाईतर हिरवळ.”

“पण सगळ्या मुलांनी तेच मागितलंय. एकानंही दुसरं...”

“पोरं काय, काहीही मागतात. घसरगुंडी नको. ठरलंय ते आमचं.”

मला तेव्हा राग आला. तरुण होते, आणि इतक्या दिवसांच्या मेहनतीवर एका वाक्यात पाणी पडत होतं. मी आवाज जरा चढवूनच म्हटलं, “मग विचारलंत कशाला त्यांना? मुलांचं मैदान आहे ना हे?”

गुरुजी उठले. माझ्याजवळ आले आणि फार हळुवारपणे बोलले, पण हॉल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. “मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी तिथल्या घसरगुंडीवरून पडून एक मुलगा गेला. हर्षद. आमच्या विजयमालाचा थोरला. दुसरीत होता. आता तिच्या डोळ्यांदेखत, रोज तिच्या अंगणवाडीसमोर, पुन्हा तीच गोष्ट उभी करायची? आम्ही काही मुलांचे वैरी नाही. पण या वस्तीत कुणाचं मन होत नाही.”

मी हातातला कागद खाली ठेवला. त्या दिवसांत त्यांनी माझ्या शेजारी उभं राहून ऐकलेलं एकेक उत्तर मला आठवायला लागलं. टाकीएवढी. बाजारपेठ दिसावी एवढी. लिहून घ्या मॅडम. मला मागे बघायचा धीर होईना.

“मी बोलू का?” मागून आवाज आला.

कोळेकरबाई उभ्या राहिल्या होत्या. तनूला शेजारणीकडे देऊन त्या पुढे आल्या, नमुन्याच्या दाराजवळ थांबल्या.

“गुरुजी, तुमचं सगळ्यांचं मला कळतंय,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षं माझ्यासमोर कुणी त्या मैदानाचं नाव काढलं न्हाई. माझ्या घरासमोरनं जाताना बाया आपल्या पोरांचा हात धरून गप करतात. एवढी माया कुठं मिळत न्हाई. पण आज मला बोलू द्या.”

“बसा की वहिनी, कशाला त्रास करून घेता,” आप्पासाहेब म्हणाले.

“त्रास रोजचाच हाय, आप्पासाहेब. उभं राहिल्यानं वाढत न्हाई.” त्यांनी श्वास घेतला. “ती घसरगुंडी तोडा म्हणून नगरपरिषदेच्या दारात कोण बसलं होतं? मीच. कुलूप लावा म्हणून कोण म्हणालं? मीच. तेव्हा मला वाटत होतं, जगातली प्रत्येक उंच वस्तू कापून टाकावी. पण माझा पोरगा उंचीनं गेला न्हाई. त्यानं वर धरलेली दांडी गंजलेली होती, ती त्याच्या हातात आली. आणि खाली माती असायला पाहिजे होती तिथं कोबा होता. दांडी कुणी बघितली न्हाई, कोबा कुणी फोडला न्हाई. आणि शिक्षा लागली ती पोरांना.”

त्या सगळ्यांकडे वळल्या.

“मैदान बंद झालं म्हणून पोरं खेळायची थांबली का? कालव्याच्या कठड्यावर चालतात. कारखान्याच्या ट्रॉल्यांवर चढतात. गेल्या उन्हाळ्यात मी मुस्कानला टाकीच्या शिडीवरनं उतरवून आणलं. निम्म्यावर गेली होती. खाली आल्यावर मारायला हात उगारला आणि विचारलं, कशाला चढलीस? तर म्हणाली, बाई, वरनं बघायचं होतं.” त्यांनी नमुन्यातल्या फळकुटाकडे बघितलं. “माझा हर्षदबी तेच म्हणायचा. आता सांगा, त्यांनी कुठं जाऊन बघायचं?”

मुस्कानची आई मागे बसलेली होती. तिनं पदर तोंडाला लावला. टाकीचं तिला आज पहिल्यांदाच कळलं असावं.

“पण विजयमाला,” गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज आता डगमगला होता. “तुला बघवेल का?”

“माहीत न्हाई गुरुजी. बघवेल असं मी म्हणत न्हाई.” त्यांनी मागे बसलेल्या तनूकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. “पण माझी पोरगी पायरीवरनंसुद्धा उडी मारत न्हाई. झोक्यावर बसत न्हाई. सगळी पोरं खेळतात आणि ती कडेला बसून बघती. ती भित्री जन्मली न्हाई. ते माझ्या हातून झालंय. माझं एक गेलं, दुसऱ्याला मी जिवंतपणी बांधून ठेवलंय. तेवढं तरी आता सोडवू द्या मला.”

त्या जाऊन आपल्या जागी बसल्या. तनूला परत मांडीशी घेतलं. इतकंच.

गुरुजी म्हणाले, “मॅडम, ते मगाचं परत दाखवा.”

मी दाखवलं. त्याच हॉलमध्ये, त्याच सकाळी, त्या मातीच्या नमुन्याकडे बघत आराखडा बदलला. प्रज्वलनं घसरगुंडीखाली ढीग केला होता, तो माझ्या डोळ्यांपुढे होता. लोखंडी मनोरा उभारायचाच कशाला? मातीची खरी टेकडी करायची. तिच्या उतारावर घसरगुंडी टेकवायची, म्हणजे पोरगं कितीही वर असलं तरी त्याच्या पायाखाली हातभर अंतरावर जमीन असेल. खाली कोबा फोडून वाळू. मी बोलत गेले, मंडळाची पोरं मध्ये पडून सांगायला लागली की तळ्यातला गाळ काढायचं काम चाललंय, ती माती आपण आणू. आप्पासाहेबांनी होकार दिला. शेवटी ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “माझी एक सूचना हाय. मैदानाला हर्षदचं नाव द्यायचं. कमान करू चांगली.”

लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. बाईंनी बसूनच मान हलवली.

“नको.”

“अहो, आठवण राहील.”

“मला आठवायला कमान लागत न्हाई. पोरं खेळायला येणार, आप्पासाहेब. दारातनं आत शिरताना त्यांनी काय वाचायचं?”

सभेनंतर मी त्यांच्याबरोबर चालत निघाले. तनू पुढे चालत होती. मी म्हटलं, “तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी तुमच्याकडून हे काम करून घेतलं नसतं.”

“म्हणूनच न्हाई सांगितलं,” त्या म्हणाल्या. “सांगितलं असतं तर तुम्ही पोरांना तसं विचारलं असतं का? तुम्ही आधी माझ्या तोंडाकडं बघितलं असतं, मग पोरांच्या. या गावात सगळी तशीच बघतात. तुम्ही एकट्याच हसत विचारत होता, ‘अजून काय पाहिजे?’ मला ते ऐकायचं होतं.”

थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, “आता घरात सांगायचंय. ह्यांना पटणार न्हाई.”

त्यांचे यजमान मालाचा टेम्पो चालवत. हर्षद गेल्यापासून ते मैदानाच्या रस्त्यानं आलेच नव्हते. लांबच्या वळणानं टेम्पो घरी आणत.

“मग?”

“मग काय. त्यांचंबी चुकत न्हाई. त्यांना वेळ लागंल.” त्या दाराशी थांबल्या. “च्या घेऊन जावा मॅडम.”

मी आत गेले नाही. तेवढा धीर नव्हता.

पावसाळ्याआधी टेकडी झाली. पाऊस पडून माती बसली, हरळी धरली, आणि दसऱ्याच्या आसपास घसरगुंडी बसवली. काम चालू असताना मी चार-दोनदा गेले. बाई फाटकाबाहेर उभ्या राहून बघत. एकदा गेले तर फाटकाच्या आत उभ्या होत्या. पुढच्या वेळी टेकडीच्या पायथ्याशी, वाळू टाकणाऱ्या गड्यांना दगड वेचून बाजूला करायला सांगत होत्या.

मैदान उघडलं त्या संध्याकाळी भाषणं थोडक्यात झाली, कारण पोरं ऐकतच नव्हती. फीत कापायच्या आधीच प्रज्वल खालून आत शिरला होता. टेकडीच्या पायऱ्यांवर रांग लागली. मुस्कान सगळ्यात आधी वर पोचली, कमरेवर हात ठेवून चहूकडे बघितलं आणि ओरडली, “बाजारपेठ दिसतीय! स्टँड दिसतंय!” मग किंचाळत खाली आली आणि वाळूत लोळली. तिच्यामागोमाग दुसरी, तिसरा. वस्तीतली मोठी माणसं कडेनं उभी होती. घसरगुंडीकडे कमी आणि कोळेकरबाईंकडे जास्त बघत होती. त्यांचे यजमान आले नव्हते. पुढे कधी आले का, मला माहीत नाही.

बाई पायथ्याशी उभ्या होत्या. वरून येणारं प्रत्येक पोर वाळूत टेकेपर्यंत त्यांची नजर त्याच्यावर असायची आणि ते उठून पळालं की त्या वरच्या पुढच्या पोराकडे बघायच्या. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. देवाचं नाव होतं की दुसरं कुणाचं, ते मी विचारलं नाही.

तनू त्यांच्या साडीला धरून होती. मुस्कान तिला ओढायला आली. तनूनं आईकडे बघितलं.

“जायचंय?” बाईंनी विचारलं.

तनूनं साडी सोडली. मुस्कानच्या मागे एकेक पायरी चढत ती वर गेली. वरच्या दांडीला धरून उभी राहिली. पोरं ओरडायला लागली, “बस तनू, बस!” ती बसली, खाली बघितलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी ना ‘ये’ म्हटलं, ना ‘नको’ म्हटलं. मुठी आवळलेल्या होत्या फक्त.

तनू उठली आणि पायऱ्यांनी उतरून खाली आली. रडत नव्हती, पण रडायच्या बेतात होती.

“मला नाही येत,” ती म्हणाली.

“असू दे,” बाई म्हणाल्या. “वर जाऊन तर आलीस. काय दिसलं गं?”

“सगळंच दिसतंय.” मग क्षणभरानं, “तूच बघ जाऊन.”

पोरं हसली. कडेच्या बायकांतून कुणीतरी म्हणालं, “अगं, मोठी माणसं जातात का त्यावर!” कोळेकरबाई मात्र तनूकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चपला काढल्या, कडेला ठेवल्या, पदर कमरेला खोचला आणि पायऱ्या चढायला लागल्या.

रांग बाजूला झाली. वर पोचल्यावर त्यांनी आधी दांडी धरली, दोन्ही हातांनी, आणि सगळं अंग लावून हलवली. एकदा, परत एकदा. दुसऱ्या बाजूचीही हलवली. दांडी जागची हलली नाही. मग त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी समोर बघितलं. संध्याकाळचं पिवळं ऊन तोंडावर येत होतं. त्या किती वेळ तशा उभ्या होत्या कोण जाणे. खाली गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली होती.

त्या बसल्या, साडी पायांशी गोळा केली आणि हात सोडले.

खाली वाळूत त्या जरा धडपडल्याच. मी पुढे झाले, पण त्या आपल्या आपण उठल्या. केसांत वाळू, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याच वेळी त्यांना हसू येत होतं, ते दोन्ही त्यांना आवरत नव्हतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि तनूसमोर उकिडव्या बसल्या.

“कुठं टोचत न्हाई,” त्या म्हणाल्या. “दांडी पक्की हाय. जा आता.”

तनू गेली.